'निर्वासित', 'शरणार्थी', 'विस्थापित', 'स्थलांतरित': नोंदीत काय लिहावं?

प्रश्न: समाजकार्याचं शिक्षण घेते आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांच्या नोंदी घेताना सहकाऱ्याने एका घराला 'निर्वासित कुटुंब' लिहिलं. मला ते खटकलं, पण का ते सांगता येईना.

उत्तर १: खटकलं ते बरोबरच. 'निर्वासित' म्हणजे राहत्या जागेतून बाहेर काढलेला; त्या शब्दात काढणारा दडलेला असतो. 'शरणार्थी'त आसरा मागणारा दिसतो. 'अर्थी' तोच, जो 'विद्यार्थी'त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1951 च्या करारानुसार धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यामुळे छळाची रास्त भीती असलेला, देशाबाहेर पडलेला माणूस निर्वासित ठरतो. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपला ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि गाळप संपलं की परततो. तो हंगामी स्थलांतरित. जायकवाडीत गाव गेलं ते विस्थापित, आपल्या बोलीत धरणग्रस्त.

उत्तर २: 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. म्हणून हा शब्द टाकून द्यावा असं मलाही वाटायचं. पण 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे 'भूकंपग्रस्त' दाखल्यावर सरकारी नोकरीत आरक्षण मिळू लागलं. तो कागद लोक जपून ठेवतात. शब्द बोचतो म्हणून आपण परस्पर खोडला, तर हक्क त्यांचा जातो. आधी त्यांना विचारा.

आणखी एक, 'कोयता'. मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर ठरते आणि बहुतेकदा नवऱ्याच्या हाती पडते. तुमच्या नोंदीत मात्र दोन माणसं दोन ओळींत हवीत, संमतीही दोघांची वेगवेगळी घ्या. बाईशी बोलताना नवरा शेजारी बसला असेल, तर ती संमती धरू नका.

प्रश्नकर्ती: आज त्याच घरी पुन्हा गेले. "तुम्हाला काय म्हणायचं?" असं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "काय म्हणायचं? आम्ही कारखान्याला जातो." तेच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. मग त्यांनी हळूच विचारलं, "उचलीचा आकडा मुकादमाला दिसंल का?" वही कुणाकुणाकडे जाईल याची मला खात्री देता येईना. तो आकडा मी त्यांच्यासमोरच खोडला.