'मॉब लिंचिंग'मधला लिंच कोण?

पाटीपेन्सिल:
काल एका बातमीचं मुद्रितशोधन करत होते. बातमीदारानं 'मॉब लिंचिंग' लिहिलेलं, मी खोडून 'झुंडबळी' केलं. शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "मॉब म्हणजे झुंड. मग लिंच म्हणजे काय?" ते आडनाव आहे, एवढं सांगून मोकळी झाले. "कोणाचं?" म्हटल्यावर मात्र माझी पंचाईत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

संत्रामंत्री:
आयर्लंडात गॉलवे नावाचं बंदर आहे. १४९३ साली तिथला महापौर होता जेम्स लिंच. त्याच्या पोरानं घरी आलेल्या स्पॅनिश पाहुण्याचा खून केला. बापानंच फाशी सुनावली. पोराला सोडवायला जमाव आला, फास आवळायला कोणी पुढे येईना, तेव्हा बापानं स्वतःच्या हातानं पोराला खिडकीतून लटकवलं. तेव्हापासून लिंचिंग. खिडकी अजून आहे म्हणे.

आडनावकर:
संत्रामंत्री, खिडकी आहे, खरं आहे. सेंट निकोलस चर्चजवळच्या भिंतीत आहे, खाली कवटी आणि आडवी हाडं कोरलेली. पण गोष्ट जरा उलटी करून बघा. लिंचिंग म्हणजे कोर्टकचेरीला बाजूला सारून जमावानं जीव घेणं. तुमच्या गोष्टीत तर न्यायाधीश आहे, निकाल आहे, आणि जमाव आलाय तो पोराला सोडवायला! अर्थच जुळत नाही. शिवाय ही दंतकथा सगळीकडे पोचवली ती हार्डिमन नावाच्या लेखकाच्या गॉलवेच्या इतिहासानं, १८२० साली. म्हणजे घटनेनंतर सव्वातीनशे वर्षांनी.

शब्द जन्मला समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. चार्ल्स लिंच (१७३६–१७९६) हा तिथला जमीनदार आणि स्थानिक न्यायाधीश. बाप गॉलवेहून आलेला. स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, आणि गोळ्यांना लागणारं शिसं ज्या खाणींतून यायचं त्यांचा कारभार लिंचकडे. १७८० साली इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनी तिथे काही कट शिजवला असा संशय आला. कायद्यानं देशद्रोहाचा खटला राजधानीत चालायला हवा होता. लिंचनं तेवढी वाट पाहिली नाही. आपल्या वाड्यावरच निवाडे करून फटके मारायला, मालमत्ता जप्त करायला सुरुवात केली. अक्रोडाच्या झाडाला बांधून फटके द्यायचे असं सांगतात. १७८२ साली त्यानं स्वतःच एका पत्रात 'लिंचचा कायदा' असे शब्द वापरले, आणि त्याच साली विधिमंडळानं ठराव करून त्याला अभय दिलं.

त्याच भागात विल्यम लिंच नावाचा आणखी एक दावेदार आहे. माझं मत चार्ल्सच्या बाजूनं पडतं, कारण त्याच्या हातचं पत्रच आहे.

पाटीपेन्सिल:
म्हणजे मुळात फटके? जीव घेणं नाही?

आडनावकर:
नाही. कित्येक दशकं 'लिंचचा कायदा' म्हणजे फटके, डांबर फासणं, गावाबाहेर हाकलणं असाच अर्थ होता. जीव घेण्याचा अर्थ पुढे घट्ट झाला, आणि यादवी युद्धानंतर तर तो काळ्या माणसांच्या अंगावर कोसळला. टस्कीगी या अमेरिकेतल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदीत १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ बळी आहेत, त्यातले ३,४४६ काळे. या गुन्ह्याविरुद्ध अमेरिकेनं केंद्रीय कायदा केला तो मार्च २०२२ मध्ये. शब्द झाल्याला दोन शतकं उलटल्यावर!

गंमत अशी की चार्ल्सच्या सख्ख्या भावानं, जॉननं, नदीवर होडीचा धक्का टाकला आणि त्यातून वसलेल्या गावाचं नाव लिंचबर्ग. एका घराण्याच्या नावानं एक शहर आणि एक शिवी.

खाडीपार:
मी कुठेतरी वाचलंय, लिंच म्हणजे खलाशी. ते कसं बसवायचं?

आडनावकर:
तेही बरोबर. लिंच ही एका स्पेलिंगमध्ये कोंबलेली निदान दोन आडनावं आहेत.

पहिलं नॉर्मन, म्हणजे इंग्लंडमार्गे आयर्लंडात आलेल्या फ्रेंच वळणाच्या सरदारांचं, 'द लेंच'. आधी मीथ परगण्यात, मग गॉलवेत. 'द' म्हणजे अमुक ठिकाणचा. आपल्या हिशेबानं 'लेंचकर' म्हणा.

दुसरं अस्सल गेलिक, म्हणजे मूळ आयरिश लोकांचं, लिहायचं 'ओ लोइंगसिग', उच्चार साधारण 'ओ लिंशी'. आयरिशमध्ये 'लाँग' म्हणजे जहाज, त्यावरून 'लोइंगसेख' म्हणजे जहाजवाला, दर्यावर्दी. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. क्लेअर, डोनेगल, अँट्रिम, कॉर्क अशी एकमेकांशी काही नातं नसलेली घराणी हे नाव लावत. कोकण किनाऱ्यावर 'तांडेल' आडनाव भेटतं ना, त्यातलाच प्रकार. दोन तांडेल भेटले म्हणजे भाऊबंद असतीलच असं नाही.

एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे नाव मुलीला लावताना 'ओ'चं 'नी' होतं, नी लिंशी. बायकोला लावताना 'ई'. म्हणजे नुसत्या नावावरून बाई माहेरचं लावते की सासरचं, ते कळतं. इंग्रजी अंमलात 'ओ' गळाला, 'लिंशी'चं 'लिंच' झालं, आणि नॉर्मन, गेलिक सगळे एका रांगेत उभे राहिले. पुढे बऱ्याच घराण्यांनी 'ओ' परत लावला, ओब्रायन, ओनील वगैरे. लिंचांनी बहुतेक लावला नाही. म्हणून आज नुसतं लिंच ऐकून मूळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

खाडीपार:
'कर'वरून आठवलं, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, मूळ आमच्या मालवणजवळच्या वराड गावचे. तिकडे एक लिंचही पंतप्रधान होऊन गेला ना?

आडनावकर:
हो, जॅक लिंच. कॉर्कचा, त्यामुळे गेलिक 'लिंशी'. आयरिशमध्ये शॉन ओ लिंशी. १९४१ ते १९४६ सलग सहा वर्षं अखिल आयर्लंड पदकं, पाच हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाची आणि एक फुटबॉलचं. राजकारण नंतर.

गॉलवेचे लिंच मात्र व्यापारी. गावावर चौदा घराण्यांचं राज्य, त्यात लिंच सर्वांत वरचढ. १४८४ च्या सनदेपासून १६५४ पर्यंत ऐंशीच्या वर महापौर या एका आडनावाचे! बाजारपेठेत त्यांचा दगडी वाडा अजून उभा आहे, आत आता बँक आहे. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेपुढे १६५२ साली शहर पडलं. कॅथलिक व्यापाऱ्यांचं सगळं गेलं. त्या चौदांना 'टोळ्या' हे नाव चिडवायला ठेवलं होतं, पुढे गॉलवेवाले तेच मिरवू लागले.

मग पांगापांग. १६९१ साली आयर्लंडातल्या कॅथलिकांचा पराभव झाल्यावर एक लिंच फ्रान्समध्ये बोर्दोला गेला. नातू जाँ-बातिस्त तिथला महापौर झाला, नेपोलियननं त्याला सरदारकी दिली, आणि १८१४ मध्ये यानंच इंग्रज फौजेला दारं उघडून दिली. 'लिंच-बाज' ही महागडी वाइन या घराण्याच्या नावाची. फ्रेंच लोक 'लँश' म्हणतात, तो भाग वेगळा.

दुसरा, पॅट्रिक लिंच, अठराव्या शतकात अर्जेंटिनात. त्याच्या वंशात पुढे क्रांतिकारक चे गव्हेरा. चेच्या वडिलांचं नाव एर्नेस्तो गव्हेरा लिंच. स्पॅनिश रीतीप्रमाणे शेवटचं आडनाव आईकडचं, आणि ते पुढच्या पिढीला उतरत नाही. म्हणून चेच्या पूर्ण नावात लिंच दिसत नाही. आयरिश टपालखात्यानं मात्र २०१७ मध्ये त्याचं तिकीट काढलं, आणि त्यावरून वादही झाला.

संत्रामंत्री:
खिडकी गेली, चे आला. सौदा बरा आहे. पण पाटीपेन्सिलताई, 'झुंडबळी' म्हणजे मेलेला माणूस की मारण्याची क्रिया?

पाटीपेन्सिल:
'भूकबळी', 'हुंडाबळी'सारखंच. 'तीन झुंडबळी' म्हणजे मेलेली माणसं, 'झुंडबळीची घटना' म्हणजे क्रिया. दोन्ही चालतं. क्रियापदाला मात्र अडतं. 'त्याला झुंडबळी केलं' कानाला खटकतं. मी 'जमावानं ठेचून मारलं' असंच लिहिते. 'लिंच केलं' म्हटलं की मारणारे हात दिसेनासे होतात.

हे सगळं शेजारच्या टेबलाला ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बॉयकॉट कोण?"

आडनावकर:
तो गॉलवेला लागून असलेल्या मेयो परगण्यातला. पण आयरिश नव्हे, इंग्रज. १८८० सालची गोष्ट. नवा धागा काढा.