नव्याच्या सणाचं ताट: एकाला शुगर, एकीला गहू बंद. हलव्याचं काय करू?

रेल्वेलाईन्सची_काकू (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळ अलिबागकडचे, पण यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी सोलापुरात आलो आणि इथलेच झालो. आता ज्वारीची भाकरी मला माझ्या कोकणातल्या नणंदांपेक्षा बरी थापता येते, आणि शेंगाचटणी पानात नसेल तर हे पानावरून उठतात.

यंदा नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, आमचं नवीन वर्ष, १२ आणि १३ सप्टेंबरला आहे. ११ च्या संध्याकाळी पहिलं जेवण. लगेच १४ ला गणपती, तेव्हा नारळाचा भाव कुठे जाईल ते सांगायला नको. पण माझी अडचण भावाची नाही.

यांना शुगर आहे. इतके दिवस गोळ्यांवर भागलं, आता रात्रीचं इन्सुलिनही सुरू झालंय. आणि ठाण्याहून धाकटी बहीण येतेय, सोबत तिची नात. पोर अकरा वर्षांची. तिला सीलिॲक निघालाय. गहू, मैदा, रवा, जव सगळं बंद, चिमूटभरसुद्धा चालत नाही. एका लग्नात तिला उकडलेला बटाटा आणि केळं देऊन कोपऱ्यात बसवलं होतं, ते बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. माझ्या घरी असं होणार नाही.

पथ्याची आम्हाला तशी सवय आहे. मटणाबरोबर दूधदुभतं नाही, आणि मासा खवल्याचा नि परांचा तेवढाच. इथे आमच्या ओळखीत शास्त्राप्रमाणे कापणारं कुणी नाही, म्हणून पुण्याहून कुणी घेऊन आलं तर मटण, नाहीतर उजनीचा रोहू नाहीतर कटला. तो मात्र डोक्यासकट, कारण त्या रात्री ताटात डोकं लागतंच.

परवा बसून सगळं कागदावर मांडलं. खजूर, डाळिंब, दुध्या, बीट, चवळी, कांद्याची पात, माशाचं डोकं, सफरचंद आणि मध. बघते तर यात गव्हाचा कण नाही! ब्राखा, म्हणजे खाण्याआधीची प्रार्थना, म्हणत एकेक घास खायचा ते सगळं त्या पोरीला चालतंय. डाळिंबाला तर आम्ही सोलापूरकर माहेरच्यासारखेच, मंडईत भगवा म्हणाल तेवढा मिळतो. मलिदा केला तरी तो पोह्यांचा. गाडी अडते ती चीकहलव्याशी.

ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा. तो रात्रभर खाली बसू द्यायचा आणि वरचं आंबूस पाणी ओतून टाकायचं. मग चीक, नारळाचं दूध आणि साखर जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून ढवळायला बसायचं. बसायचं म्हणजे दुपार घालवायची. आधी ते लापशीसारखं असतं, मग गाठी धरल्यासारखं वाटून जीव घाबरतो, मग हळूहळू चकाकी येते आणि कडा सोडायला लागतं. कडेने तेल सुटलं की समजायचं झालं. वेलदोडा, जायफळ घालून ताटात ओतायचं, वर बदाम-चारोळी. गार झालं की शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या. दूधदुभतं नसल्यामुळे मटणाच्या जेवणावरही चालतो, आमच्या बायकांनी पूर्वीच काढून ठेवलेली ती सोय.

तर त्यात गहूही आहे आणि साखरही. आणि हे म्हणतात, "माझ्यासाठी शुगर-फ्रीचा निराळा डबा काढलास तर मी जेवायलाच बसणार नाही." स्वभाव तसाच आहे, बोलतात ते करतात. म्हणून मला निराळा डबा नकोच आहे. एकच हलवा, सगळ्यांच्या ताटात तोच, असं काही जमेल का?

आणखी दोन गोष्टी. किद्दुशला, म्हणजे सणाच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, आम्ही काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करतो. ते म्हणजे नुसती साखरच, यांचं काय करायचं? आणि दारफाळणीचा सण, किप्पूर, २१ तारखेला. २० च्या संध्याकाळपासून कडक उपास, पाणीसुद्धा नाही. हे ऐकायला तयार नाहीत.

ठाण्याची_पेणकरीण

काकू, शालोम. चीक नसेल तर तो हलवा नव्हे असं माझी आजी म्हणायची, पण आजीला शुगर नव्हती. मी चायनाग्रासचा करते. ती समुद्रातली वनस्पती, त्यामुळे जिलेटिनसारखी कशापासून केली ही शंका नाही. पाकिटातली तयार जेली मात्र आणू नका.

एक लिटर नारळाच्या दुधाला दहा-बारा ग्रॅम चायनाग्रास. कात्रीने तुकडे करून अर्धा तास भिजवायचं, मग पातळ दुधात उकळायचं. एकही धागा दिसता कामा नये, नाहीतर वडीत दोरे लागतात. घट्ट दूध शेवटी, आच मंद करून. लगेच ताटात ओतलंत तर दुधाचा स्निग्धांश वर येऊन दोन थर होतात, म्हणून कोमट होईतो ढवळत राहायचं. फार वेळही थांबू नका, चाळीसच्या खाली गेलं की ते पातेल्यातच धरतं.

तुमच्या कामाची गोष्ट ही की चायनाग्रास साखरेवाचून धरतं. चीकहलव्याला साखर नुसती गोडीसाठी नसते, त्याचा पोत आणि टिकाऊपणा तिच्यावर असतो. इथे तुम्ही साखर निम्म्याहून खाली आणलीत तरी वडी पडते. मी वेलदोडा जास्त आणि मीठ कणभर घालते, मग कुणी विचारत नाही. फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो, नंतर पाणी सुटतं.

किद्दुश काकांनीच म्हणायला हवं असं नाही. मुलाने म्हणून शरबत घ्यावं, बाकीच्यांनी ऐकून आमेन म्हटलं तरी होतं. काकांना घोटभर चव द्या. नातीला भाकरी वाढाल तेव्हा तिची ब्राखा पावाची होत नाही, निराळी असते. पुण्याला रास्ता पेठेतल्या आपल्या देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, ओळख असेल तर हजानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोन करून विचारून घ्या.

किप्पूरचं मात्र स्पष्ट सांगते. डॉक्टर नको म्हणाले तर उपास करायचा नाही. जीव आधी हे आपल्या शास्त्रातच आहे, ती कुणी दिलेली सवलत नव्हे. पूर्ण जेवण न घेता थोडं थोडं, मधे अंतर ठेवून खायची-प्यायची रीतही आहे. ती हजानांकडून आणि डॉक्टरांकडून दोघांकडून समजून घ्या.

अश्दोदचा_अलिबागकर

चायनाग्रासला माझा विरोध नाही, पण त्याला हलवा म्हणू नका. तो चावताना ताणला जात नाही, तुटतो! काकू, नाचणीचा चीक काढा. तसंच भिजवायचं, वाटायचं, पिळायचं. रंग चॉकलेटी येतो, मुलं उलट खूश होतात. ताण गव्हाइतका नाही, पण तोंडात हलव्याची आठवण येते. नाचणीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाजवातलं प्रथिन, नाही. साखर मात्र त्यात खरंच लागते, तेव्हा काकांना एक वडी, तीही छोटी कापलेली. ताटात सगळ्यांच्याच छोट्या कापा, म्हणजे भांडण नाही.

पेसाखला, म्हणजे आपल्या बिनखमिराच्या सणाला, ती पोर आली तर ओटच्या मात्झा, म्हणजे बिनखमिराच्या पोळ्या, मिळतात, खास ग्लूटेन नसलेल्या. इकडे इस्राएलात दुकानात असतात, कुणी येणार असेल तर मागवा. तांदूळ तर आपल्यात पेसाखला चालतोच, भाकरी करा खुशाल.

ज्वारीवाला_मंगळवेढा

काकू, मला तुमच्या सणातलं काय कळत नाय, पण पिठातलं कळतं. आमच्या घरात पुतण्याला हाच आजार हाय.

ज्वारीत गहू नसतो म्हणून निवांत बसू नका. गिरणीत आधी गहू दळून गेलेला असतो, त्याच जात्यात तुमची ज्वारी पडली की झालं कल्याण. पहिलं दोन किलो बाजूला काढलं तरी दगडातलं पीठ जात नाय. फक्त ज्वारी दळणारी गिरणी सापडली तर ठीक, नायतर घरघंटी, अन् तिच्यात गहू कधी टाकायचाच नाय. आम्ही मालदांडी आणतो, निवडून धुऊन वाळवतो अन् घरीच दळतो. पोह्याचं, नाचणीचं पण तेच, सुट्टं घेऊ नका. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बगा, आपल्याकडं त्याला किलोमागं वीस मिलिग्रॅमची मर्यादा हाय.

आन हिंग! हे कुणी सांगत नाय. बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. चवळीच्या उसळीला फोडणी देताना डबी उलटी करून वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. पोळपाट-लाटणं, चाळण अन् लाकडी चमचा नवा घ्या. चाळणीच्या जाळीत कणीक अडकून बसते, धुतली तरी.

निवृत्त_सिस्टर (जुळे सोलापूर)

ताई, वरचं सगळं वाचलं. तीन गोष्टी राहिल्या.

ज्वारी, नाचणी, पोहे हे सगळे पिष्टमयच. ग्लूटेन नाही म्हणजे साखर वाढत नाही, असं कुणी काकांना सांगू नका. मी वॉर्डात अशी "ज्वारीची चारच भाकरी खाल्ली हो" म्हणणारी मंडळी पाहिली आहेत. सणाच्या दिवशी क्रम बदला. आधी मासा, बीट, दुध्या, पात. भाकरी नंतर. खजूर एक, ब्राखेपुरता. मध बोटाच्या टोकावर. डाळिंबाचे दाणे खाऊ द्या, रस काढू नका.

दुसरं, उपासाचं. रात्रीचं इन्सुलिन आणि काही गोळ्या पोटात अन्न नसतानाही साखर उतरवतात. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, ही लक्षणं देवळात बसलेल्या माणसात दिसली तर लोक उपासाचा शीण समजतात. मशीनवर सत्तरच्या खाली आलं की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. डोस कमी करायचा का, किती, हे घरी ठरवू नका. आत्ताच, ऑगस्टमध्येच डॉक्टरांकडे जा. आणि काकांना सोबत न्या, तुम्ही एकट्या गेलात तर ते म्हणतील तूच शिकवून आलीस.

तिसरं, काकांची किडनीची तपासणी अलीकडे झाली आहे का? क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर खजूर, डाळिंब, नारळाचं दूध, बीट, सगळ्यांत पोटॅशियम आहे. तुमचं अख्खं ताटच त्या यादीत येतं. रिपोर्ट चांगला असेल तर हा परिच्छेद विसरा.

रेल्वेलाईन्सची_काकू (सोलापूर)

सगळ्यांचे आभार. हिंगाची डबी आत्ता उठून बघितली. गव्हाचंच पीठ! ती शेजारी देऊन टाकते. क्रिएटिनिन जुलैमध्ये केलं होतं, नॉर्मल आहे, फाईल काढून परत बघितली.

ठरलं असं की चायनाग्रासचा हलवा ११ तारखेला सगळ्यांना. अश्दोदच्या भाऊंनी रागावू नये, नाचणीचा चीक मी या आठवड्यात थोडासा काढून बघणार आहे, जमला तर दुसऱ्या दिवशी तो. गव्हाचा यंदा घरात शिजणारच नाही, मुलगा कुरकुरतोय, कुरकुरू दे. घरघंटी शेजारणीकडे आहे पण तिच्यात गहू दळतात, म्हणून मंगळवेढ्याच्या दादा, तुमच्याकडून पाच किलो पीठ विकत मिळेल का? मुलगा गाडी घेऊन येईल.

डॉक्टरांची वेळ घेतली. यांना सांगितलं फक्त बीपी बघायला जातोय.

पेणकरीण ताई, दहा-बारा ग्रॅम म्हणजे पट्ट्या किती?

ठाण्याची_पेणकरीण

पट्ट्या मोजू नका काकू, जाडी सारखी नसते. पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, बहुतेक दहा ग्रॅमचंच येतं. एक अख्खं घाला आणि दुसरं हाताशी ठेवा. बशीत चमचाभर ओतून फ्रीजमध्ये पाच मिनिटं ठेवलं की धरतंय की नाही ते कळतं.

ज्वारीवाला_मंगळवेढा

पाच किलो पीठ राखून ठेवतो. ताजं लागतंय ना? मग नऊ तारखेनंतर दळतो, पोराला दहाला पाठवा. पैशाचं नंतर बगू, डबा मात्र स्वच्छ कोरडा आणाय सांगा, गव्हाच्या पिठाचा नको.