मदत हवी आहे: डिशवॉशरच्या वॉश पंपाचं फक्त सील बदलावं की अख्खा पंप?

मशीन पाणी घेतं, ड्रेन पंपही नीट चालतो. पण स्प्रे आर्म (वॉश पंपाच्या पाण्याच्या जोरावर फिरून भांड्यांवर पाणी फवारणारे दांडे) फिरत नाहीत, खालून नुसती घरघर येते. फिल्टर आणि आर्मची भोकं साफ आहेत. प्लग काढून, तळातलं पाणी उपसून मशीन आडवं केलं. शाफ्टपाशी क्षारांचा पांढरा थर आणि मोटरवर गंजाचे ओघळ दिसतात. म्हणजे सील (शाफ्टपाशी पाणी अडवणारी कडी) गेलंय, बेअरिंगमध्येही पाणी शिरलं असणार. मोटरच्या तिन्ही टोकांमधला रेझिस्टन्स मात्र सारखा आहे, त्यामुळे वाइंडिंग (मोटरमधली तारेची वेटोळी) शाबूत वाटतं.

अडचण अशी, की हीटर पंपातच बसवलेला आहे. बोअरच्या जड पाण्यात नुसतं सील-बेअरिंग बदलून टिकतं का? की हीटरसकट पंप घेतलेला बरा? रबरी होज बसवताना सिलिकॉन ग्रीस लावावं, की साबणाचं पाणी पुरतं? स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा.