मदत हवी आहे: मांजरीच्या इन्सुलिनची वेळ बदलायची आहे

आमची चिंगी ११ वर्षांची आहे. तिला दीड महिन्यापूर्वी मधुमेह निघाला. तेव्हापासून सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, खाणं झालं की लगेच २ युनिट देतो. एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी असते हेही शिकलो. मान खाली घालून ती वाटी चाटत असते, तेवढ्यात पाठीवरची कातडी चिमटीत धरून सुई टोचतो, तिला कळतही नाही.

आता माझी ड्युटी बदलतेय, संध्याकाळी ९ च्या आत घरी पोचणं शक्य नाही. दोन डोसांमध्ये १२ तास हवेत, म्हणून दोन्ही वेळा रोज अर्ध्या तासाने पुढे सरकवाव्यात असा विचार आहे. असं कुणी केलंय का? त्या दिवसांत साखर किती वरखाली झाली?

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. परवा तिने अर्धंच खाल्लं आणि माझा हात थांबला. उपाशीपोटी साखर एकदम उतरली तर जिवावर बेतेल, म्हणून डोस दिलाच नाही. पुढच्या वेळी दुप्पटही दिला नाही. अशा वेळी तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? आमच्या डॉक्टरांची भेट सोमवारी आहे, त्याआधी तुमचे अनुभव कळले तर नीट प्रश्न विचारता येतील.