ड्राफ्टमध्ये आमचा ३ नंबर आलाय, पहिला कोण उचलायचा? विंगर, कीपर की डिफेंडर?

शहापूर_लेफ्टफूट

मंडळी, बेळगाव-खानापूरकडच्या फुटबॉलवाल्यांनी जरा डोकं लावा. पावसाळ्यातली सेव्हन अ साइड यंदा लिलाव बंद करून ड्राफ्टवर घेताहेत, पैशाचा विषयच संपला, ज्याची चिठ्ठी आधी त्यानं आधी उचलायचं. आठ टीम आहेत, आमचा नंबर ३ रा. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, म्हणजे ३ नंतर आमची पाळी डायरेक्ट १४ वी आणि मग १९ वी. जुने दोन ठेवायला परवानगी होती, आम्ही स्ट्रायकर आणि एक बॅक ठेवलाय.

आता माझ्या डोक्यात वडगावचं एक पोरगं बसलंय, पीयूसी सेकंड इयरला (म्हणजे बारावीला) आहे, डाव्या पायाचं विंगर. मागच्या पावसात लेले ग्राउंडवर पाणी साचलेलं असताना बघितलं त्याला, सगळे बॉल लांब मारायच्या मागं आणि हे पोरगं लाइनजवळ बॉलवर तळपाय ठेवून उभं राहतंय, समोरचा बॅक पाय टाकेपर्यंत हलतच नाही, त्यानं पाय टाकला की डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगानं बॉल पुढं आणि हे गेलं सुद्धा. चिखलात असलं कोण करतंय सांगा. पण आमच्यातच दोन गट पडलेत, एक म्हणतोय कॅम्पातला कीपर घ्या, दुसरा म्हणतोय खानापूरचा तो उंच डिफेंडर सोडला तर रडत बसाल. मला पोरगं हातचं घालवायचं नाहीये. काय करावं?

खानापूर_स्टॉपर

डिफेंडर घे भावा, विषय संपला. आमच्या तालुक्यातला म्हणून सांगत नाही. २०१७ ला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट झाला तेव्हा जमशेदपूर नवीन टीम होती, पहिला नंबर त्यांचा, समोर एवढे अटॅकवाले असताना त्यांनी उचलला कोण तर अनस एडथोडिका, सेंटर बॅक, १ कोटी १० लाखाचा. नवीन टीम उभी करायची तर मागनं उभी करायची हे कोच लोकांना कळतंय. चिखलात बॉल वर उडतोच, तो डोक्यानं काढणारा माणूस लागतो, आणि आमच्या पोराला तुम्ही कॉर्नरला बघितलेलं दिसत नाही.

अनगोळ_१०

त्याच सीझनचं पुढचं पण सांग की मर्दा. जमशेदपूरच्या पहिल्या तीन मॅच ०-०, ०-०, ०-०. मागं भिंत उभी राहिली पण गोल कोण मारणार, शेवटी पाचव्या नंबरवर राहिले आणि तेव्हा पहिल्या चारच टीम पुढं सेमीला जायच्या. सेव्हन अ साइडमध्ये मैदान लहान, ऑफसाइड नाही, एका माणसाला चकवलं की डायरेक्ट गोलसमोर. म्हणून एकास एक जिंकणारं पोरगं इथं सोन्याचं आहे. माझं मत विंगर, डोळे झाकून.

खानापूर_स्टॉपर

मग २०१५ चं पण ऐक. लिलावात सुनील छेत्री मुंबईनं १ कोटी २० लाखाला घेतला, सगळ्यात महाग तोच. छेत्री खेळला पण जबरदस्त, तरी मुंबई सहावी, सेमी नाही. देशातला सगळ्यात मोठा स्ट्रायकर घेऊन ही गत, आणि तुम्ही पीयूसीच्या पोरावर टीम बांधताय.

कॅम्प_जुना_गोली

पोरांनो, तुम्ही दोघं पण मॅच कशी संपते ते विसरताय. नॉकआउटला बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम नाही, डायरेक्ट पेनल्टी, असाच नियम असतोय ना तिथं? २०२३ ची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा आठवा, आपल्या बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर झालेली. सेमीला लेबनॉन ०-०, पेनल्टीवर ४-२. फायनलला कुवेत १-१, पेनल्टीवर ५-४, आणि शेवटची किक गुरप्रीतनं अडवली. लागोपाठ दोन मॅच कीपरनं काढून दिल्या, कप त्याच्या हातांवर आला.

कॅम्पातला तो कीपर मी लहानपणापासून बघतोय. ओला बॉल तो पकडायला जातच नाही, दोन्ही तळहातांनी बाजूला ढकलतो, गोलच्या समोर कधीच सोडत नाही. ही गोष्ट शिकवून येत नाही लवकर. आणि पूर्ण वेळ आपल्या बॅकला नावानं हाक मारत असतो, कोण मागनं येतंय, कुणाला धरायचं. सेव्हनमध्ये कीपरच्या थ्रोनंच अटॅक सुरू होतो, याचा थ्रो हाफच्या पलीकडं जातोय. मला विचाराल तर ३ नंबरला दुसरं नाव काढू नका.

टिळकवाडी_नाइटशिफ्ट

मी अमेरिकन क्लायंटचं काम करतो त्यामुळं रात्रभर तिकडचं फुटबॉल कानावर पडतंय. तो खेळ वेगळा, पण ड्राफ्टचा विचार त्या लोकांसारखा कुणी करत नाही. २०२१ ला सिनसिनाटी बेंगल्सचा ५ वा नंबर होता, अगदी हाच वाद. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून अटॅक चालवणारा, जो बरो आदल्या सीझनला गुडघा मोडून बसलेला. निम्मे लोक ओरडत होते त्याला वाचवणारा पेनी सेवेल घ्या, निम्मे म्हणत होते कॅच घेऊन पळणारा जमार चेस घ्या, बरोचा कॉलेजचा जोडीदार. त्यांनी चेस घेतला आणि त्याच सीझनला टीम सुपर बोलला, म्हणजे तिकडच्या लीगच्या फायनलला गेली. पण फायनलला बरोला ७ वेळा आडवा पाडला आणि मॅच २३-२० नं गेली. सेवेल डेट्रॉइटला जाऊन त्या जागेवरचा देशातला एक नंबर झाला. म्हणजे दोन्ही बाजू आजपर्यंत आपलंच खरं म्हणून भांडताहेत.

आता आपलं बघू. सगळ्यात भारी कोण हा प्रश्नच धरू नका. ३ ला जो घेताय आणि त्याच जागेवरचा जो १४ ला उरणार, त्या दोघांत फरक किती ते बघा. मधे १० पोरं जाणार आहेत. ४ ते ८ नंबरच्या टीम तुमच्या आधी दोन-दोनदा उचलणार. त्यातल्या किती टीमनी आपला जुना कीपर ठेवलाय आणि यादीत बरे कीपर किती? हे सांग, मग बोलू.

शहापूर_लेफ्टफूट

हे कुणी बघितलंच नव्हतं बघा. आत्ता यादी काढून बसलो. ४ ते ८ मधल्या तीन टीमनी कीपर ठेवलाय, म्हणजे तिथं दोघांनाच पाहिजे. १ आणि २ नंबरवाल्यांकडं कीपर नाही. यादीत भरवशाचे कीपर चार, डावखुरा विंगर मात्र एकच, तोच. उंच बॅक म्हणाल तर पाच-सहा आहेत, खानापूरवाल्या भावानं रागावू नये.

टिळकवाडी_नाइटशिफ्ट

मग गणित सरळ आहे. १ आणि २ वाल्यांनी पहिल्याच झटक्याला कीपर नाही घेतला तर १४ पर्यंत जास्तीत जास्त दोन कीपर जातील, दोन उरतील. डिफेंडर तर १९ ला पण मिळेल. पोरगं ३ ला नाही घेतलं तर १४ ला दिसणार नाही. एकच अट, १ आणि २ वाल्यांनी दोघांनीही कीपर उचलला तर मात्र तिथल्या तिथं प्लॅन बदलायचा, कारण मग दोनच उरतात आणि मधल्या दोन टीम ते घेऊन जाणार.

कॅम्प_जुना_गोली

गणित पटलं मला. पण उरलेल्या दोघांत हिंडलग्याचा पोरगा असेल तरच हो म्हणा. उंचीनं कमी आहे, पण पाय वेगानं हलतात आणि खाली पडायला घाबरत नाही. चौथा जो आहे तो ओल्या बॉलला छातीवर घ्यायला जातो, पावसात दोन गोल तो स्वतःच देईल. आधी जाऊन दोघांना बघा, नावावर घेऊ नका.

चंदगडचा_भाऊ

तुमचं सगळं वाचून जीव जळतोय ओ. मी पण विंगर. गोकाकच्या माणसापेक्षा मी बेळगावला लवकर पोचतोय, दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं आमचं बेळगावलाच, पण स्पर्धेला गोकाकवाला लोकल आणि मी बाहेरचा, कारण मधे स्टेट बॉर्डर. कोल्हापूरला जा म्हणतात, तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, एकेका तालमीत पोरांची रांग लागलेली, आणि अंतर तिप्पट. कमिटीत कुणी ओळखीचं असेल तर निदान दोन बाहेरचे खेळाडू चालू करा म्हणावं.

शहापूर_लेफ्टफूट

भावा तुझं शंभर टक्के खरं आहे. मीटिंगला हा विषय मी काढणार, आमच्यातल्या निम्म्या लोकांचे पाहुणे तिकडंच आहेत.

अनगोळ_१०

एक राहिलं. त्या पोराच्या घरी विचारलंय का कुणी? पीयूसी सेकंड इयर म्हणजे कॉलेज सुटलं की ट्यूशन, घरचे सोडत नाहीत. यादीत नाव आहे म्हणून तो येतोच असं नाही. ३ नंबर घालवला आणि पोरगं दोन मॅचनंतर बंद झालं तर ते भरून निघत नाही.

शहापूर_लेफ्टफूट

विचारलं नव्हतं, आज संध्याकाळी फोन केला. वडील म्हणाले शनिवारच्या मॅचला ट्यूशन चुकवणार नाही, रविवारी कितीही खेळू दे. लीगच्या मॅच बहुतेक रविवारीच आहेत, सेमी तेवढी शनिवारी आहे, कमिटीला वेळ पुढं घ्यायला सांगतो, ट्यूशन चारला सुटते म्हणे. तर ३ ला पोरगं, १४ ला कीपर, १९ ला बॅक. रविवारी सकाळी सातला हिंडलग्याला त्या कीपरची प्रॅक्टिस बघायला जातोय. गोली काका, तुम्ही येणार असाल तर गाडी घेऊन कॅम्पात येतो, तुमच्या डोळ्याखालनं घालायचाय त्याला. बॉल मी भिजवूनच आणतो.

कॅम्प_जुना_गोली

साडेसहाला ये. दोन बॉल आण, एक नवीन आणि एक झिजलेला, झिजलेला जास्त निसटतो.