सॉफ्टजेलचा (मऊ जिलेटिन कॅप्सूलचा) सीम, म्हणजे जोड, ट्रेवर सुटतोय, मदत हवी आहे

प्रॉडक्ट कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ + व्हिटॅमिन डी३, २० नंबर ऑब्लाँग (लांबट आकार), रोटरी डाय मशीन (दोन फिरते साचे-रोल कॅप्सूल कापून मिटवतात). फिल, म्हणजे आतला माल, सोयाबीन तेलातलं सस्पेन्शन, मेण आणि लेसिथिनसह, ८० मेशमधून गाळलेलं. जिलेटिन १५० ब्लूम (जेलच्या घट्टपणाचं माप), प्लास्टिसायझर (शेल, म्हणजे बाहेरचं आवरण, लवचिक ठेवणारा घटक) ग्लिसरीन. रिबन (जिलेटिनची पट्टी) ०.८५ मिमी, वेज (रिबन तापवून त्यांच्यामध्ये फिल सोडणारा भाग) ३९ अंश.

टम्बलरमधून (सुरुवातीला सुकवणाऱ्या फिरत्या पिंपातून) माल ठणठणीत निघतो. ट्रेवर (२२ अंश, आर्द्रता २५ टक्के) साधारण १८ तासांनी तेल झिरपतं, आणि नेहमी डायवर शेवटी मिटणाऱ्या टोकालाच. कापून पाहिलं तर तिथला सीम रिबनच्या निम्म्या जाडीचाही नाही. बाकी सगळीकडे ठीक.

वेज ४१ वर नेला तर रिबन ताणली जाते. डाय प्रेशर वाढवून काही फरक नाही, उगाच डाय झिजवायची इच्छाही नाही. रिबन ०.९० केल्यावर गळती घटली, पण डिसइंटिग्रेशन (कॅप्सूल विरघळून फुटायचा वेळ) लांबलं. जेल मासमध्ये (वितळलेल्या जिलेटिन मिश्रणात) बुडबुडे नाहीत, दोन्ही रिबनची जाडी सारखी आहे, रिबनवरचं तेलही कमी करून पाहिलं. फॉर्म्युला मंजूर असल्यामुळे फिल किंवा शेल बदलता येणार नाही.

माझा संशय फिलचं इंजेक्शन उशिरा होऊन फिल सीममध्ये अडकत असल्याचा आहे. पण डाय रोल किंचित सरकले असतील तर? मशीन न उघडता हे दोन दोष वेगळे ओळखायची खूण कोणती, आणि इंजेक्शनचं टायमिंग एका वेळी किती सरकवावं?