नगामागे ६ रुपये कर: किंमत २१ की २४?

आलेखवही: एस.वाय.बी.ए., सूक्ष्म अर्थशास्त्र. मागणी = १०० − २कि (कि म्हणजे किंमत), पुरवठा = −२० + ४कि. समतोल किंमत २०, नग ६०, इथवर जमतं. विक्रेत्यावर नगामागे ६ रुपये कर लागला की मी पुरवठ्यातून ६ वजा करते आणि २१ येतात. उत्तरसूचीत २४ आहेत, वर ‘ग्राहकावर भार ४, विक्रेत्यावर २’. कर विक्रेता भरतो ना?

समतोल: ते ६ रुपये आहेत, ६ नग नव्हेत. −२० हा आकडा नगांचा, त्यातून रुपये वजा होत नाहीत. विक्रेता हातात पडणाऱ्या पैशाकडे बघून माल आणतो, म्हणून ‘कि’च्या जागी (कि − ६) घाला: −२० + ४(कि − ६) = −४४ + ४कि. आता १०० − २कि = −४४ + ४कि, म्हणजे कि = २४, नग ५२. विक्रेत्याच्या हाती १८. ताळा कराच: जुन्या पुरवठ्यात १८ घातले तर ५२ आले पाहिजेत, येतात. आलेखात रेषा ६ रुपयांनी वर जाते, पण आडवं मोजलं तर २४ नगांनी डावीकडे. तुम्ही ती ६ नगांनीच सरकवलीत.

सीमांत: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. कर कोण भरतो यावर भार ठरत नाही, लवचिकतेवर ठरतो, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किंवा पुरवठा किती टक्के बदलतो त्यावर. समतोलाला मागणीची लवचिकता २ × २० ÷ ६० = ०.६७, पुरवठ्याची १.३३. ग्राहकाचा वाटा १.३३ ÷ (१.३३ + ०.६७), म्हणजे दोन तृतीयांश: ४ रुपये. हाच कर ग्राहकावर लावून पाहा: १०० − २(कि + ६) = −२० + ४कि, कि = १८. ग्राहकाला अधिक ६ धरून २४च पडतात. करउत्पन्न ६ × ५२ = ३१२. पुष्कळजण इथे ६० नग धरतात आणि गुण जातात. डेडवेट लॉस, म्हणजे नग ६० वरून ५२ झाल्यामुळे कुणालाच न मिळणारा लाभ: ½ × ६ × ८ = २४.

उन्हाळकांदा: याचं खरं उदाहरण कांद्याचं आहे. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. भरणारा निर्यातदार, पण रब्बीचा कांदा तोवर चाळीत आलेला, साठवणीत वजन घटतं, सड लागते, त्यामुळे पुरवठा जवळपास उभी रेषा. परदेशी ग्राहकाला दुसऱ्या देशांचा कांदा मिळतो. म्हणून भाराचा मोठा वाटा लासलगावच्या लिलावातल्या भावावर, म्हणजे शेतकऱ्यावर येतो. देशातल्या ग्राहकाला मात्र तोच कांदा स्वस्त पडतो. टक्केवारीतल्या करात (कि − ६) तसंच वापरू नका: रेषा समांतर सरकत नाही, किंमत चढेल तसं अंतर वाढतं. आणि शुल्क टिकलं (निर्यातशुल्क २०२४मध्ये २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ला हटलं) तर पुढच्या हंगामात लागवडच कमी होऊ शकते. मग पुरवठा लवचिक होतो आणि भाराची वाटणी नव्याने मांडावी लागते.